हिसका पचवणारी काठी

मासा दिसला तेव्हा तो पाण्याबाहेर होता. टेक्सासमधल्या लेक फोर्क या तळ्यावरची फेब्रुवारीतली सकाळ, पाण्यातून वर आलेले झाडांचे वाळके बुंधे, आणि त्यांच्या मधोमध एक काळपट हिरवा बॅस, गोड्या पाण्यातला शिकारी मासा, अख्खाच्या अख्खा हवेत. जबडा इतका उघडा की आतला पांढरा घसा दिसावा. त्याने दोनदा डोकं झटकलं. माझं लाल आमिष त्याच्या ओठातून निसटलं, उलटं माझ्याच दिशेने आलं आणि होडीच्या कडेवर टक्कन आपटलं. हातातली काठी एकदम सरळ झाली. गळाला मासा असताना आणि नसताना काठीच्या भारात जो फरक पडतो तो मनगटाला लगेच कळतो, आणि तो कळणं फार वाईट असतं.

त्या सकाळचा हा चौथा. चारही आले, चारही सुटले.

होडी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांची. सगळं आयुष्य पूर्व टेक्सासमध्ये गेलेलं, सत्तरी ओलांडलेली. मासा सुटला की बरोबरचे लोक काहीतरी समजुतीचं बोलतात. ते काही बोलले नाहीत. आपली लाइन गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "आमिष बदलू नकोस. रंग बरोबर आहे, जागा बरोबर आहे, म्हणून तर येतायत. काठी बदल."

काठी बदलायची माझी तयारी नव्हती. ती दोन महिन्यांपूर्वीच घेतलेली, ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनच्या धाग्यांची, हलकी आणि शेंड्यापर्यंत ताठ. तळाशी आमिष खड्यावरून घासलं तरी तळहाताला समजावं अशी. तिच्यासाठी मी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते. चांगली काठी म्हणजे जास्तीत जास्त कळवणारी काठी, असं मी धरून चालले होते. तसं ते खोटंही नाही. प्लास्टिकचा मऊ किडा तळावरून हळूहळू ओढत आणायचा असेल तर अशीच काठी हवी, कारण तिथे मासा नुसता स्पर्श करतो आणि तो स्पर्श कळला नाही तर खेळ संपला. माझं लाल आमिष मात्र क्रँकबेट होतं. क्रँकबेटचं तंत्र वेगळं आहे, आणि ते समजायला आधी ती वस्तू हातात घेऊन पाहावी लागते.

क्रँकबेट म्हणजे लाकडाचा किंवा पोकळ प्लास्टिकचा, बोटभर लांबीचा गुबगुबीत खोटा मासा. तोंडाखाली पुढे आलेली एक जिभली. पोटाला एक आणि शेपटीला एक असे दोन तिहेरी गळ. पाण्यात टाकून नुसता ठेवला तर तरंगतो. रीलची, म्हणजे लाइन गुंडाळणाऱ्या चाकाची, मूठ फिरवायला लागलं की पाणी त्या जिभलीवर दाब देतं, तो डोकं खाली घालतो आणि डावीउजवीकडे अंग घुसळत पोहत येतो. जिभली आखूड नि चौकोनी असेल तर तीनचार फुटांवर राहतो, वाटेतल्या बुंध्यांना धडकतो आणि उसळून बाजूला होतो. बॅस बहुतेक वेळा त्या उसळीवरच झडप घालतो. जिभली लांब आणि अंगाच्याच रेषेत काढलेली असेल तर पंधरा-वीस फूट खोल जातो. टेनेसीतल्या ओक रिजचे फ्रेड यंग हे आमिष बाल्साच्या लाकडातून हाताने कोरत. त्यांच्या 'बिग ओ'ने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असा धुमाकूळ घातला की स्पर्धेसाठी लोक तो भाड्याने नेत, असं अजून सांगतात. पुढे आर्कान्साच्या कॉटन कॉर्डेल यांनी त्याची प्लास्टिकची आवृत्ती काढली आणि तो सगळ्यांच्या पेटीत गेला.

आता मासा. बॅस भक्ष्याला चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. थांबलेला मऊ किडा असा सहज घशापर्यंत जातो. पण क्रँकबेट पळत असतं. मासा मागून, बाजूने, कसाही तोंड घालतो आणि लाइन पुढे खेचत असल्यामुळे आमिष पुरतं आत जातच नाही. सहा टोकांपैकी एखादं टोक जबड्याच्या कडेच्या पातळ पापुद्र्यात अडकतं. मासा आणि आपण यांच्यात तेवढाच धागा असतो. माझी ताठ काठी हा धागा पहिल्याच क्षणी ओढत होती. जाणीव इतक्या चटकन हातात यायची की माशाने तोंड मिटायच्या आत मी हिसका दिलेला असायचा. त्यातूनही टोक अडकलं, तर मासा उडी मारून डोकं झटकायचा आणि त्या झटक्यासरशी माझी काठी पुरेशी वाकायची नाही. लाइन क्षणभर सैल पडायची. आमिषाला स्वतःचं वजन असतं. सैल लाइनवर तेच वजन गळ उपसून काढायला माशाच्या कामी येतं.

गृहस्थांनी आपली काठी माझ्या हातात दिली. मधाच्या रंगाची, जाडजूड, मुठीवरचा कॉर्क काळा पडलेला. फायबरग्लासची. मी ती धरली आणि मला ती मुळीच आवडली नाही. शेंडा जड, हलवली तर बराच वेळ हलत राहणारी, तळाचं काहीएक न सांगणारी. मी एक फेक टाकून ती त्यांना परत केली, आणि दुपारी घरी येताना गाडीत गप्प बसले.

माझा हिसका कुठून आला हे मला माहीत होतं. तो मामाचा.

मामाचं घर कोकणात कर्ली नदीच्या काठावर, खाडीचं पाणी भरतीला माडांच्या मुळांशी येतं अशा जागी. मे महिन्यात आम्ही तिकडे गेलो की तो संध्याकाळी गरवूक, गळाने मासे धरायला, निघायचा आणि मुलींपैकी मी एकटी त्याच्या मागे लागायची. आई ओरडायची, मामा म्हणायचा, "येवंदे तिका." त्याची काठी माणग्याची होती. माणगा हा आमच्याकडचा बांबू, जवळजवळ भरीव. तो इतर बांबूंसारखा फुटत नाही, लवतो. मामाने ती घरामागच्या बेटातून स्वतः निवडून तोडलेली, सावलीत सुकवलेली. गळाला सुंगट लावायचा, एकच गळ, एकच टोक, आणि पाण्यात सोडून वाट बघायची. तांबोशीने सुंगट तोंडात घेतलं की मामाचं मनगट असं काही उडायचं की मला ते कधी सुरू झालं ते दिसायचंच नाही. "चेडवा, हिसको मार, हिसको!" माझ्या पाळीला तो मागून ओरडायचा. उशीर झाला तर तांबोशी खडकात शिरणार आणि दोरी कापणार. सातव्या-आठव्या वर्षी शिकलेली गोष्ट हातात जाते, डोक्यात राहत नाही. चाळीस वर्षांनी टेक्सासच्या एका तळ्यावर लाइनला धक्का लागला आणि माझ्या हाताने कर्लीवरचा हिसका दिला.

इथल्या पुस्तकी सल्ल्यात सरळ लिहिलेलं असतं की क्रँकबेटला हिसका द्यायचा नाही. भार जाणवला की काठी बाजूला झुलवायची आणि रील फिरवत राहायचं. मला हे वाचून पाठ होतं. महिनाभर शनिवारी सकाळी जवळच्या लेक लव्हॉनवर जाऊन मी स्वतःला बजावत राहिले. दोन तास काही होत नाही, मन कुठेतरी जातं, आणि नेमकं तेव्हा धक्का येतो. हात मोकळा असतो तेव्हाच मासा येतो, आणि मोकळा हात जे करायचं तेच करतो. म्हणून मी शेवटी ठरवलं की हाताला शिकवत बसायचं नाही, काठी अशी घ्यायची जी हा हिसका स्वतःत जिरवेल. ज्यांचा हात मुळातच शांत आहे ते ग्रॅफाइटवर क्रँकबेट फेकून उत्तम मासे काढतात, मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांनी काठी बदलायचं काही कारण नाही. काठी निवडताना मासा, आमिष, पाणी यांचा विचार सगळेच सांगतात. आपला हात कसा आहे हे मात्र आपल्याला कोणी विचारत नाही, ते आपणच बघायचं.

दुकानात गेलं की काठ्या भिंतीलगत उभ्या असतात, शंभर-दीडशे, सगळ्या दिसायला बहिणी. मुठीच्या वर प्रत्येकीवर बारीक अक्षरांत तिची कुंडली छापलेली असते: लांबी, पॉवर, ॲक्शन, किती पौंडांची लाइन, किती औंसांचं आमिष. पहिल्या खेपेला माझा घोळ झाला तो पॉवर आणि ॲक्शन या दोन शब्दांत. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते. फास्ट काठी फक्त शेंड्याजवळच्या तिसऱ्या हिश्शात वाकते आणि खालचा भाग खांबासारखा उभा राहतो. मॉडरेट काठी मध्यापासून कमान धरते. क्रँकबेटला हवी ती पॉवरने मीडियम आणि ॲक्शनने मॉडरेट. नुसती मऊ काठी मागितली की दुकानदार हलक्या पॉवरची काठी काढून देतो, आणि ती तर अगदीच कुचकामी. मोठा मासा बुंध्यात शिरायला लागला की तिच्यात त्याला थांबवण्याची ताकदच नसते.

छापलेल्या शब्दावरही विसंबून राहू नये. एका कंपनीचं मॉडरेट दुसऱ्या कंपनीच्या फास्टच्या जवळ जातं, सगळ्यांना बांधून ठेवणारं असं एक माप नाही. म्हणून मी दुकानातल्या मुलाला शेंडा धरायला सांगितला आणि मूठ हळूहळू माझ्याकडे ओढली. तो मुलगा कंटाळला नाही, उलट एकेक काठी स्वतःच काढून द्यायला लागला. अकरा काठ्या झाल्या. डोळा काठीच्या मध्यावर ठेवायचा. काही काठ्या तिथे येऊन अडतात, वरची कमान आणि खालचा दांडा यांच्यात सांधा पडल्यासारखा कोन दिसतो. चांगल्या काठीत तो कोन नसतो, वळण शेंड्यापासून मुठीकडे सरकत येतं आणि जितकं ओढाल तितकं खाली उतरतं. बारावी काठी अशी होती. सात फुटांची, फायबरग्लासची.

फायबरग्लास म्हणजे काचेचेच धागे, राळेत बसवलेले. या काठ्यांची गोष्ट मला नंतर कळली आणि त्यातला एक तपशील मनात घर करून राहिला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या उत्तम काठ्या बांबूच्या सहा पट्ट्या तासून, चिकटवून, षटकोनी करत. मेन राज्यातल्या बँगोरचे हायरम लेनर्ड हे त्यातलं मोठं नाव. आणि तो बांबू सुरुवातीला जायचा आपल्याकडून. इकडे त्याला 'कलकत्ता केन'च म्हणत. पुढे दक्षिण चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकलं. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केल्यावर टोंकिनही मिळेना, तोवर युद्धानंतरच्या फायबरग्लासच्या काठ्या बाजारात आल्याच होत्या. १९७० च्या दशकात ग्रॅफाइट आलं, हलकं, ताठ, सगळं कळवणारं, आणि ते बघता बघता काचेला दुकानांबाहेर काढणार असं दिसायला लागलं. पण क्रँकबेट फेकणारे काचेला सोडेनात. त्यांना जी गोष्ट हवी होती ती नवीन वस्तूत नव्हती. हल्ली काच आणि ग्रॅफाइट मिसळलेल्या काठ्या निघतात, वजनाला बऱ्याच हलक्या, आणि दिवसभर फेकायचं असेल तर बहुतेकांनी त्याच घ्याव्यात असं मी म्हणेन. मी निव्वळ काच घेतली ती माझ्या हिसक्यासाठी.

लांबीचा प्रश्न सोपा आहे असं वाटतं, पण त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. उथळ पाण्यात, बुंध्यांच्या मध्ये, आमिष नेमकं एका ढोलीच्या शेजारी पडायला हवं असतं. त्याला सात फूट पुरतात. जास्त लांब काठी झाडांत अडते आणि नेमही जातो. खोल पाण्याची गोष्ट उलटी. खोल जाणारं आमिष पडल्याबरोबर खोल जात नाही, तिरकं उतरत जातं, आणि होडीजवळ आलं की तिरकं चढत येतं. फेकीचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग असा उतरण्या-चढण्यातच जातो. तळाशी, जिथे मासा आहे, तिथे ते फक्त मधल्या टप्प्यात पोहतं. फेक दहा पावलं वाढली की वाढलेली ती सगळी पावलं मधल्या टप्प्यात पडतात. म्हणून खोल क्रँकबेट फेकणारे साडेसात-आठ फुटांच्या काठ्या वापरतात, मागची मूठही लांब घेतात, दोन हातांनी फेकता यावं आणि ओढताना कोपराखाली टेकवता यावी म्हणून. लाइन जितकी बारीक तितकं आमिष खोल जातं, हाही त्याच हिशेबाचा भाग. मी लेक फोर्कच्या उथळ बाजूला जाते, मला सातच बरे.

लाइनबद्दल एकच सांगते. विणलेली लाइन या काठीवर लावू नये. ती ताणत नाही, आणि काठीने जे सैलपण दिलं ते लाइनने काढून घेतलं तर एवढ्या सगळ्या निवडीचा उपयोग काय? मी बारा पौंडांची फ्लुरोकार्बन लावते. रील हळू फिरणारं, मुठीच्या एका फेऱ्याला पाच वेळा गुंडाळणारं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. लेक फोर्क हे साबिन नदीच्या एका उपनदीवर १९८० मध्ये धरण बांधून झालेलं तळं. झाडं पुष्कळशी तशीच उभी ठेवून पाणी भरलं, म्हणून ते बुंधे. १९९२ च्या जानेवारीत इथेच १८.१८ पौंडांचा बॅस निघाला, टेक्सासचा विक्रम. इथला नियमही वेगळा आहे: सोळा ते चोवीस इंचांमधला बॅस ठेवायचा नाही, मोजायचा आणि सोडायचा. हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सोडूचो होतो तर पकडलंस कित्याक?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. जगातला विक्रमी बॅस जॉर्जियाच्या जॉर्ज पेरींनी १९३२ मध्ये पकडला, २२ पौंड ४ औंसांचा, आणि मंदीच्या त्या दिवसांत घरच्यांनी तो खाल्ला, असं सांगतात. हे ऐकून आईला फार बरं वाटलं. पण ज्या माशाने अंडी घालायची आहेत त्याला परत पाण्यात जाताना बघणं मला आवडतं. तो हाताच्या ओंजळीत क्षणभर थांबतो, कल्ले दोनदा हलवतो आणि शेपटीने पाणी उडवून जातो.

पाणी अजून गार होतं. लाल आमिष, चौकोनी जिभली. वसंताच्या तोंडावर इथे झिंग्यासारखे दिसणारे क्रॉफिश चिखलातून बाहेर पडतात, लाल रंग त्यांच्यासाठी. पहिला तास काही नाही. काचेची काठी हातात जड होती, पण तिने फेकताना एक गोष्ट कळली: घाई चालत नाही. मागे नेली की तिला वाकायला वेळ द्यावा लागतो, मग ती आपणहून आमिष सोडते, गोफणीसारखी. ते एका वाकड्या बुंध्याच्या पलीकडे पडलं. मी ओढत आणलं. आमिष बुंध्याला टकरलं ते मला हातात फक्त एवढंसं, भिंतीपलीकडे कोणी टकटक करावी तसं जाणवलं. मग टकटक थांबली आणि लाइन जड झाली.

हाताने हिसका दिलाच. अगदी कर्लीवरचा, खांद्यातून आलेला. आणि काठी नुसती वाकली. मुठीच्या वर वीतभर सोडून बाकीची सगळी. तो हिसका कमानीत कुठे गेला ते मला कळलं नाही. माशापर्यंत पोचला असेल तर खूप उशिरा आणि खूप हळू पोचला. मासा खाली गेला, बुंध्याकडे वळला, काठी आणखी वाकली. मग तो उडाला. तेच उघडं तोंड, तोच पांढरा घसा. डोकं झटकलं, एकदा, दोनदा. प्रत्येक झटक्याला काठीचा शेंडा त्याच्यामागे गेला आणि परत आला. लाइन एकदाही सैल पडली नाही.

साडेएकोणीस इंच. तिहेरी गळाचं एकच टोक जबड्याच्या कडेला, पापुद्र्यात, मी पक्कड लावायच्या आतच निघून आलं. मासा सोडला. गृहस्थांनी माझ्याच फोनवर सगळं चित्रित केलं होतं, ते मी धक्क्यावर आल्यावर मामाला पाठवलं. तिकडे संध्याकाळ. मामा आता ऐंशीचा आहे, खाडीवर जात नाही, पडवीत बसतो. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. मला वाटलं, माशाबद्दल विचारेल, किती शेराचा, कसला.

"गो, ही काठी खयची? माणग्याची?"

"नाय मामा. काचेची."

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग त्याने चित्रफीत पुन्हा लावलेली मला ऐकू आली, पाण्याचा फळकन आवाज आणि माझं ओरडणं.

"काच?" मामा म्हणाला. "आणि ती वाकता?"